एकवीस नग

मोदक तळायला घेतले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, आणि ते गणपतीसाठी नव्हते. गणपती यायला अजून चार दिवस होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कढई बघितली, परात बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

“अगं, उद्या काय आहे?”

“वजाबाकी आहे, आई.”

“बरं,” म्हणून त्या झोपायला गेल्या. शिक्षिकेची सासू होऊन एकोणीस वर्षं झाली की माणसाला कशाचंच नवल वाटेनासं होतं.

या सगळ्याचं मूळ केंद्रशाळेतल्या शिक्षण परिषदेत होतं. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड करता यावी, हे २०२६-२७ पर्यंत साधायचं, असं त्यात ठरलं. उद्देश चांगलाच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण चांगला उद्देश दिल्लीहून निघून आमच्या केंद्रशाळेच्या सभागृहात पोहोचेपर्यंत त्याचा तक्ता झालेला असतो. आमच्यापुढे आलेल्या तक्त्याचं नाव होतं ‘सणांतून गणित’. श्रावणापासून फाल्गुनापर्यंत एकही सण सुटला नव्हता. राखीतून आकृतिबंध, दहीहंडीच्या थरांतून उतरता क्रम, मोदकांतून वजाबाकी, आपट्याच्या पानांतून गुणाकाराची पूर्वतयारी. सुलभक तरुण होते, उत्साही होते आणि त्यांच्याकडे पहिलीचा वर्ग नव्हता. त्यांनी फळ्यावर ‘गणपती’ लिहिलं आणि त्यातल्या ‘गण’ला गोल केला.

“बघा, शब्दातच गणित आहे! गण म्हणजे मोजणे!”

मागच्या रांगेत निवृत्तीला आलेले एक गुरुजी बसले होते. ते हळूच म्हणाले, “आणि ‘मारुती’त मार आहे. आमच्या वेळी गणित त्याच देवाच्या भरवशावर चालायचं.”

तक्त्यात शेवटचा रकाना ‘लागणारे साहित्य’ असा होता आणि त्याच्याखाली सगळीकडे एकच नोंद होती : परिसरातील सहज उपलब्ध, विनाखर्चिक. मोदक विनाखर्चिक कसे, हे मला रात्री साडेदहाला कळलं. शाळेला खर्च येत नाही म्हणून विनाखर्चिक.

तर एकवीस मोदक तळले. मोजून झाकून ठेवले. सकाळी डबा भरताना मोजले तर वीस.

“अहो, यातला एक मोदक कुठे गेला?”

“चव बघितली,” आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “मीठ बरोबर आहे.”

मोदकात मिठाचं काय काम, हा वाद घालायला वेळ नव्हता. सव्वानऊची एसटी होती.

माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकत्र आहे. पहिलीचे आठ, दुसरीचे नऊ, एकूण सतरा. शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे, आणि उरलेलं सगळं, म्हणजे रजिस्टरं, टपाल, पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं आणि शाळेत शिरलेली शेळी, ज्याच्या हाताला लागेल त्याच्याकडे. बस्करपट्ट्या अंथरल्या, मुलांना गोल बसवलं आणि मध्ये ताट ठेवलं. वर्गात इतकी शांतता मी एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. सगळ्यांच्या नजरा ताटावर आणि नाकं फुललेली.

“आता एकेकानं यायचं, मोदक मोजायचे आणि आकडा मला सांगायचा. हात लावायचा नाही.”

हात न लावता मोजणं हा प्रकार सहा वर्षांच्या मुलाला मान्य नसतो. बोट लावलं तरच त्याच्या दृष्टीनं मोजलं, आणि बोट लावलं की ते चाटावं लागतं. पहिल्याचे वीस आले. पुढच्या मुलीचेही वीस आले. तिसऱ्यानं एक दोनदा मोजला, त्याचे एकवीस झाले. मला आनंद झाला, कारण तक्त्यात एकवीसच होते. असं करत करत शेवटच्या रांगेतला एक पोरगा आला. तो वर्गात कधी बोलत नाही, सगळं बघत असतो. त्यानं बराच वेळ मोजलं आणि म्हणाला, “एकोणीस.”

“नीट मोज.”

त्यानं नीट मोजलं. गिळलं. “एकोणीस.”

मी मोजले. एकोणीस होते. संपूर्ण वर्गात अचूक उत्तर देणारा तो शेवटचा, आणि ते उत्तर त्यानं स्वतः बरोबर करून घेतलेलं होतं.

मग मी फळ्याकडे वळले. तक्त्यातलंच उदाहरण लिहिलं. गणपतीसमोर २१ मोदक होते. उंदराने ४ मोदक खाल्ले. किती मोदक उरले? वर्गात जे हात वर झाले, त्यांत एकही सतराचा नव्हता.

“बाई, शून्य,” गिरणवाल्याची पोरगी म्हणाली.

“शून्य कसे? चारच खाल्ले ना?”

“उंदरानं तोंड लावल्यावर आई सगळंच टाकून देती.”

गिरण असलेल्या घरातली मुलगी. उंदीर या विषयात तिचा अधिकार आहे. मी म्हटलं, समजा, बाकीच्यांना तोंड लावलं नाही. त्यावर पहिलीतला एक जण उभा राहिला. “कुठला उंदीर? गणपतीचा?”

“हो, गणपतीचा.”

“त्यो खात न्हाई बाई. त्यो नुसता बघत बसतो. आमच्यात मूर्ती असती, मी बघितलंय.”

म्हणजे एकवीस. वर्गात दोन तट पडले. उंदीर घरचा मानणारे शून्यवाले, आणि देवाचा मानणारे एकवीसवाले. सतरा उत्तर घेऊन मी एकटी फळ्याजवळ उभी होते. किराणा दुकानदाराचा मुलगा तेवढा आपल्या बाजूचा असेल म्हणून मी आशेनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “बाई, चार मोदक खाईपर्यंत कुणी बघितलं न्हाई व्हय?”

पुढची वजाबाकी आपोआप झाली. एकोणिसातून सतरा गेले, उरले दोन. एक खिचडीवाल्या मावशींना, एक मुख्याध्यापकांना. हा भागाकार आहे आणि तो दुसरीच्या अभ्यासक्रमात अजून यायचा आहे, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन आला. “मॅडम, ग्रुपवर फोटो पाहिला. मुलं छान दिसतायत. पण मोदक कुठे आहेत?”

“सर, तो वजाबाकीनंतरचा फोटो आहे.”

“असं नको. साहित्य दिसलं पाहिजे. आणि टिकाऊ पाहिजे. मातीचे करा ना! शाडूच्या मातीचे. वर्षभर वापरता येतील.”

दुसऱ्या दिवशी फाटकाशी एका मुलाची आई भेटली. “बाई, पोरगं सकाळधरनं मागं लागलंय, लवकर सोड म्हणून. म्हणतंय, काल शाळेत वजाबाकी लई गोड होती.”

मग शाडूचे एकवीस मोदक झाले. गणपतीच्या सुट्टीनंतर पोरांनीच केले. काहींच्या मोदकांना कळ्या आल्या, काहींच्यांना कान. पहिलीतल्या एका मुलीनं आपणच केलेल्या मोदकाची कड चावून पाहिली आणि तोंड वाकडं करून परत ठेवला. आधीच्या खेपेचा अनुभव होता, तिचाही दोष नाही. मुख्याध्यापकांनी लगेच डेड स्टॉक रजिस्टर उघडलं आणि नोंद घातली : मातीचे मोदक, २१ नग. मोजून नाही घातली, अहवालात एकवीस होते म्हणून घातली. मी त्यांना म्हटलं, सर, हे कशाला? ते म्हणाले, “मॅडम, शासनाच्या दारात एकदा आलेली वस्तू मोडली तरी चालते, पण हरवलेली चालत नाही.”

दुसरीला तेव्हा हातच्याची बेरीज नुकतीच सुरू झाली होती. जुन्या वर्तमानपत्रावर एका बाजूला चौदा मोदक, दुसऱ्या बाजूला सात. चार आणि सात अकरा. एक खाली ठेवला. दहाचा ढीग बाजूला केला आणि त्याचा निरोप्या म्हणून त्यातलाच एक मोदक शेवटच्या रांगेतल्या त्या मुक्या पोराच्या मुठीत दिला. “हा आपला हातचा. नीट धरायचा. हातचा विसरला की बेरीज चुकते.” हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणते, झोपेतसुद्धा म्हणत असेन. आता दशकांची बेरीज करायची, तेवढ्यात घंटा झाली आणि दारातून खिचडीचा वास आला. खिचडीपुढे दशक-एकक टिकत नाहीत. पोरं ताटं घेऊन पळाली, मी मोदक खोक्यात भरले, आणि त्यानंतर तक्त्यात दसरा आला.

मोदकांच्या निमित्तानं आणखी एक जुनं दुखणं वर आलं, ते एकवीस या आकड्याचंच. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ आणि त्रेसष्टला ‘साठ तीन’ असं वाचायची पद्धत आली आणि महाराष्ट्रात जी धूळ उडाली, ती आठवत असेल. ज्यांनी शाळा सोडल्यापासून गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं, ते सगळे मराठीच्या रक्षणाला धावले. विधानसभेतही आडनावांवर कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, बाबांनो, लहान मुलांना ही जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम अवघड जातो. त्यांना ओरडून उत्तर देणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘सत्तावीस’ म्हटल्यावर आधी सात लिहून मग त्याच्या पुढे दोन लिहिणारं मूल पाहिलं होतं, कोण जाणे. मी रोज पाहते. तोंडात सात आधी येतो, पाटीवर दोन आधी यायला हवा. म्हणजे तोंड सांगलीकडे आणि हात साताऱ्याकडे.

आणि एकोणतीस? नऊ आणि वीस यांचा त्यात पत्ताच नाही. एक उणे तीस, म्हणजे वजाबाकी शिकायच्या आधी पोरानं वजाबाकी करूनच आकडा बोलायचा. तेही एकदा मान्य केलं, तर पुढे एकोणनव्वद आहे पण एकोणशंभर नाही, तिथे एकदम नव्व्याण्णव. “का, बाई?” असं पोरं विचारतात. मी म्हणते, “तसंच असतं.” एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे उत्तर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय.

मला स्वतःला दोन्ही पद्धती चालतात. पण घरी एकदा मी सवयीनं बोलून गेले. सासूबाईंनी विचारलं, शाळेत मातीचे मोदक किती केलेत? मी म्हटलं, “वीस एक.”

“अंदाजे नको गं, नक्की सांग.”

“नक्कीच सांगतेय आई, वीस एक.”

“अगं, शिकलेली ना तू? वीसएक म्हणजे अठराही असतील नाहीतर बावीसही असतील. मोजले नाहीस का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठी माणूस लग्नाला शंभरएक माणसं येतील म्हणतो आणि पाने दीडशे मांडतो. तिथे एकशे एक असं ऐकणारा केटरर धंद्यातून उठेल.

दसऱ्याच्या आधी हादगा आला. आमच्या भागात तो सोळा दिवसांचा. पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन गाणी, दोन खिरापती, असं वाढत सोळाव्या दिवशी सोळा. मला वाटलं, एका-एकानं चढता क्रम शिकवायला यापेक्षा चांगलं काय असणार? चार दिवस केलं. पाटावरच्या हत्तीभोवती मुली फिरल्या, मुलं ‘आमाला न्हाई फिरायचं’ म्हणत खिरापतीच्या डब्याभोवती फिरली. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांनी कागदावर सगळं मांडलं. एक ते सोळाची बेरीज एकशे छत्तीस. “मॅडम, एकशे छत्तीस खिरापती! गाणी जमतील, ती फुकट आहेत. डबे कुठून आणायचे?” पाचव्या दिवशी हादगा शाळेतून उठला. चढता क्रम चारपर्यंत मुलांना उत्तम येतो.

आपट्याच्या पानांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी शोभाच झाली. एक पान म्हणजे दोन पाकळ्या, म्हणून दोन-दोनच्या गटांनी मोजा, असं मी सांगितलं. आपट्याचं पान मधूनच दुभंगलेलं असतं, जोडपानासारखं. दहा पानं म्हणजे वीस, हे अर्ध्या मिनिटात आलं. मग मी उगीच पुढे गेले. “हे सोनं आहे, असं समजा. मी तुला पाच पानं सोनं दिलं...”

“किती तोळ्याचं?” दुकानदाराच्या मुलानं विचारलं.

“तोळा नाही रे, पानं.”

“बाई, तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय. पप्पा म्हणत्यात, आता पानंच बरी.”

दिवाळीची गोष्ट वेगळी. दिवाळी येते सुट्टीत, म्हणून शाळेत ती सत्र परीक्षेच्या आधीच साजरी करावी लागते. तसं आमचं वर्षाचं गणितच अवघड आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. एकदा मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ‘सुट्ट्या मोजा’ असा उपक्रम घेतला. पोरांनी रविवारांसकट सगळे लाल आकडे इतक्या वेगानं मोजले की मला वाटलं, गणितपेटीतल्या मण्यांऐवजी शाळेला वर्षभराच्या सुट्ट्याच द्याव्यात. त्यात पहिलीतल्या एकानं विचारलं, “ईदला किती दिवस राहिले?” मी कॅलेंडर उलटलं. मोजून सांगितलं, आणि मग वर ‘चंद्रदर्शनावर अवलंबून’ हेही सांगावं लागलं. “मंजे एक दिवस इकडं-तिकडं?” तो म्हणाला. “गेल्या वर्षी तर लई इकडं होती.” रमजान ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते, आपली दिवाळी अधिक महिन्याचा टेकू घेऊन फिरून पुन्हा शरदातच येते. हे मी सहा वर्षांच्या मुलाला समजावायला बसले आणि तीन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की मलाच ते समजत नव्हतं. त्यानं शेवटी मला सोडवलं. “अम्मी शिरखुर्म्याचं दूध सांगती तवा कळतं बाई.”

फराळाचं उदाहरण तर घालायलाच नको होतं. आईने ३० करंज्या केल्या. त्यांतल्या १० शेजारी दिल्या. किती उरल्या?

“तीसच,” गिरणवाल्याची पोरगी.

उंदराच्या अनुभवानंतर मी तिच्याशी भांडत नाही. नुसतंच विचारलं, “कशा?”

“शेजारच्या काकू ताट मोकळं न्हाई देत बाई. तेवढ्याच त्यांच्याबी येत्यात. पर त्यांच्या करंज्यात सारण न्हाई, नुसती हवा असती.”

“मग तीस कशा? हवेच्या धरायच्या का?” दुकानदाराचा मुलगा.

हा प्रश्न मी आजपर्यंत सोडवू शकलेले नाही.

रांगोळीला मात्र मी कबूल करते की हरले, आणि हरून बरं वाटलं. ठिपक्यांची रांगोळी हा तक्त्यातला मला सगळ्यात सोपा वाटलेला भाग. मोबाइलवर नमुना पाहिला, शाळेच्या पडवीत जमीन सारवून घेतली आणि गेरू लावून ठिपके द्यायला बसले. मधली ओळ सातची, वर सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, खाली तसंच. चौकट उभी राहिली, पण मला हवं होतं ते षटकोनी फूल काही केल्या त्यात बसेना. पडवीच्या कडेला नातीला सोडायला आलेली एक आजी उभी होती. बराच वेळ बघत होती. मग राहवेना, तशी चपला काढून वर आली.

“बाई, हे सात ते एक झालं. ह्यात फूल न्हाई बसत. ह्येला सात ते चार लागतंय.”

तिनं माझ्या हातातली रांगोळी घेतली आणि वरच्या-खालच्या टोकांचे ठिपके पदरानं पुसून टाकले. चिमटीतून रांगोळी पडताना अंगठा आणि तर्जनी एवढीशी हलत होती, की ठिपका पडला हे कळायच्या आधी पुढचा पडलेला असायचा. सात. दोघांच्या मधोमध सहा. पुन्हा मधोमध पाच. मग चार. खाली तसंच. पट्टी नाही, दोरा नाही, आणि सहाही बाजू चार-चारच्या. फूल आपोआप बसलं. मी मनातल्या मनात बेरीज केली : चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. सदतीस. आधीचे माझे एकोणपन्नास होते.

“आजी, हे सदतीस ठिपके झाले,” मी म्हटलं, थोडी आपली विद्वत्ता दिसावी म्हणून.

“आसतील की.”

“तुम्ही मोजत नाही?”

“मोजायचं कशापायी? अंगण केवढं हाय ते बघायचं आन् कितीचं घ्यायचं ते ठरवायचं.”

अहवालात मी ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ या रकान्यात त्या आजींचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात शैक्षणिक पात्रता विचारली होती. तिथे मी ‘सात ते चार’ असं लिहिलं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे कुणी वाचलं नाही. फोटो काढेपर्यंत एक कोंबडी पडवीतून चालत गेली होती, त्यामुळे ग्रुपवर गेलेल्या फोटोत ठिपके सदतीस नव्हते आणि फुलाला एक पाय फुटलेला होता. त्याला तेवीस अंगठे आले.

२२ डिसेंबरला रामानुजनांची जयंती, म्हणून गणित दिवस. त्या दिवशी शाळेच्या आवारात बालबाजार भरवला. मी एका मुलाकडून दहा रुपयांची मेथी घेतली आणि वीसची नोट दिली. त्यानं दहा परत दिले, वर मूठभर कोथिंबीर टाकली. मी म्हटलं, हिचे किती? म्हणाला, “ही हिशोबात न्हाई धरायची.” शेजारी दुकानदाराचा मुलगा मुख्याध्यापकांच्या नावावर चार रुपयांची उधारी लिहून घेत होता. ती अजून आहे. रोज प्रार्थनेनंतर तो सरांकडे एकदा बघतो.

आणि मग संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख आले, डेड स्टॉक तपासायला. तक्ते, गणितपेटी, मोडका घोडा, सगळं जुळलं. शेवटी खोकं उघडलं. त्यांनी मोजले. मुख्याध्यापकांनी मोजले. मी मोजले. मातीचे मोदक वीस.

“नोंद एकवीसची आहे,” केंद्रप्रमुख म्हणाले.

मुख्याध्यापकांनी खिशातून रुमाल काढला. फुटला असता तर तुकडे दाखवून निर्लेखनाचा प्रस्ताव करता आला असता. पण हा नाहीच. तीन प्रतींत खुलासा, समितीची सभा, ठराव, पंचनामा. सरांना सगळं डोळ्यांपुढे दिसत असावं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, उंदरानं खाल्ला असं लिहू या का?”

“सर, मग गिरणवाल्यांची पोरगी बाकीचे वीसही टाकायला लावेल.”

वर्गात तोवर तिळगुळाचं गणित चाललं होतं. पाव किलो तीळ, पाव किलो गूळ, मिळून किती? सगळे म्हणाले, अर्धा किलो. दुकानदाराचा मुलगा म्हणाला, “गुळाचा कागद धरून का सोडून?” मी त्याला खाली बसवलं आणि पाहुण्यांच्या हस्ते तिळगूळ वाटायला सुरुवात केली. एकेक पोरगं यायचं, दोन्ही हात पुढे करायचं, घ्यायचं, वाकायचं. शेवटच्या रांगेतला तो मुका पोरगा आला आणि त्यानं एकच हात पुढे केला. दुसरा चड्डीच्या खिशात.

“दोन्ही हात कर रे, पाहुणे आहेत,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग खिशातून मूठ काढली आणि उघडली. आत सुपारीएवढा मातीचा गोळा होता. एका बाजूला अजून दोन कळ्या दिसत होत्या, बाकीच्या भाद्रपदापासून खिशात घासून गेल्या होत्या.

“अरे, हा तुझ्याकडे होता? इतके दिवस?”

“तुमीच म्हणाला व्हता, हातचा विसरायचा न्हाई.” वर्गात त्याचा एवढा आवाज पहिल्यांदाच ऐकला. “घंटा झाली. मग पुढची बेरीज झालीच न्हाई.”

केंद्रप्रमुखांनी तो गोळा घेतला, उजेडात धरून पाहिला आणि त्याच्या तळहातावर परत ठेवला. मग रजिस्टर पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, “लिहा सर. शिल्लक वीस, हातचा एक.”